करंट वाढवला की फ्रिक्वेन्सी उलटी फिरते: स्पिन-टॉर्क ऑसिलेटरच्या सिम्युलेशनमधला नेहमीचा घोळ

करंट थोडाथोडा वाढवत नेला. फ्रिक्वेन्सीही सरळ रेषेत वाढत गेली, बारा गिगाहर्ट्झच्या (सेकंदाला बारा अब्ज फेऱ्यांच्या) जवळ पोचली आणि तिथून उलटी फिरून खाली यायला लागली. ग्राफवर घराच्या छपरासारखा आकार तयार झाला. हा ग्राफ गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे चार वेळा आला आहे: दोनदा तासगावहून, एकदा विट्याहून, एकदा कऱ्हाडहून. पाठवणारे वेगळे, कॉम्प्युटर वेगळे, प्रबंधांचे विषयही वेगळे. चूक मात्र चौघांची एकच होती.

उत्तर आधी देते, म्हणजे घाईत असणाऱ्याचं काम अडायला नको. तुमच्या स्क्रिप्टमध्ये टेबल, म्हणजे चुंबकत्वाच्या नोंदींची फाइल, किती वेळाने साठवलं जातंय ते बघा. तिथे ४० पिकोसेकंद लिहिलं असेल तर सेकंदाला २५ अब्ज नोंदी होतात, आणि त्यातून १२.५ गिगाहर्ट्झच्या वरची कुठलीही फ्रिक्वेन्सी खरी दिसूच शकत नाही. ती आरशात पडावी तशी खाली पडते. अंतर ५ पिकोसेकंदांवर आणा आणि तोच रन, म्हणजे तेच सिम्युलेशन, पुन्हा करा. छप्पर जातं, सरळ रेषा येते.

ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी पुढचं सगळं. कारण हा एक घोळ सुटला की त्याच्यामागे दुसरा उभा असतो, आणि मूळ प्रश्न प्रत्येक वेळी तोच असतो: स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सीचं कंपन किती जोरात आहे त्या आलेखात) जे पीक, म्हणजे शिखर, दिसतंय ते चुंबकाचं आहे, की आपण मोजलं कसं त्याचं?

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात. पातळ चुंबकी थरातून असा करंट सोडायचा की त्यातल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला वळलेले असतील. हे इलेक्ट्रॉन थरातल्या चुंबकत्वाला पीळ देतात. हा पीळ डॅम्पिंगला (कंपन विरवणाऱ्या रोधाला) पुरून उरला की चुंबकत्व गिगाहर्ट्झच्या वेगाने फिरत राहतं. वरून दिलेला करंट मात्र सरळ, डीसी. स्लोन्चेव्स्की आणि बर्जर या दोघांनी १९९६ मध्ये स्वतंत्रपणे हे भाकीत केलं, आणि २००३ मध्ये किसेलेव्ह आणि सहकाऱ्यांनी नॅनोपिलरमधून (नॅनोमीटरच्या मापाच्या खांबातून) निघणारे मायक्रोवेव्ह सिग्नल मोजून दाखवले. आयआयटी मुंबईत शिकवणारे अश्विन तुळापूरकर जपानमध्ये काम करत असताना त्यांच्या गटाने २००५ मध्ये याची उलटी बाजू दाखवली: मायक्रोवेव्ह करंट दिला तर डीसी व्होल्टेज मिळतं. त्याला स्पिन-टॉर्क डायोड म्हणतात.

हार्ड डिस्कशी याचा संबंध जोडला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जियान-गँग झू आणि सहकाऱ्यांनी, २००८ मध्ये. लिहिणाऱ्या हेडच्या फटीत असा ऑसिलेटर बसवायचा, त्याच्या फिरत्या क्षेत्राने डिस्कवरचा कडक चुंबकी कण हलका करायचा आणि मग बिट लिहायचा. तोशिबाने २०२१ मध्ये १८ टेराबाइटची जी डिस्क आणली तिच्या हेडमध्ये स्पिन-टॉर्क ऑसिलेटर आहे. तिथे तो थोड्या वेगळ्या रीतीने, हेडमधल्या चुंबकी प्रवाहाला वळण देऊन, लिहिण्याचं क्षेत्र वाढवायला वापरला आहे. कॉम्प्युटिंगच्या बाजूने २०१७ मध्ये एका ऑसिलेटरच्या मदतीने बोललेले आकडे ओळखून दाखवले गेले, आणि २०१८ मध्ये चार ऑसिलेटर जोडून स्वर ओळखले गेले. एवढ्या मोठ्या कामाचा आपल्या वाट्याला येणारा तुकडा म्हणजे सिम्युलेशन. सांगलीत असं उपकरण घडवणारी लॅब नाही. पण घेंट विद्यापीठात तयार झालेलं मूमॅक्स-३ हे चुंबकांच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते गेमिंगच्या साध्या ग्राफिक्स कार्डावर चालतं, आणि विश्रामबागेतल्या एका खोलीत बसून या प्रश्नावर खरं काम करता येतं. म्हणूनच मोजणीच्या चुकीपायी कुणाचे सहा महिने गेले की मला मनापासून वाईट वाटतं.

छपराच्या ग्राफकडे परत येते.

तासगावच्या मुलीचा नमुना साधा होता. ४० नॅनोमीटर बाजूचा चौरस, १० नॅनोमीटर जाडी, लोह-कोबाल्टसारखा पदार्थ, संपृक्त चुंबकत्व मीटरला १६ लाख अँपिअर, डॅम्पिंग ०.०२, स्पिन ध्रुवीकरण ०.५, फिक्स्ड लेयरची (इलेक्ट्रॉनांच्या स्पिनना वळण देणाऱ्या, स्वतः न हलणाऱ्या चुंबकी थराची) दिशा थराला लंब, बाहेरचं क्षेत्र शून्य. या रचनेत एक फार सोयीची गोष्ट असते: करंट जितकी ऊर्जा देतो तितकीच डॅम्पिंग खातं, असा ताळा मांडला की फ्रिक्वेन्सी थेट करंटच्या प्रमाणात येते. १.६ मिलिअँपिअरला पिळाचं माप साधारण १०.३ मिलिटेस्ला. त्याला ०.०२ ने भागा, टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ या हिशोबाने गुणा; १४.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे मिलिअँपिअरमागे सुमारे ९ गिगाहर्ट्झ. चुंबकत्व पूर्णपणे लंब दिशेला जाऊन बसेपर्यंत ही रेषा वाकायचं काही कारण नाही.

आता तिचे आकडे बघा. १.१ मिलिअँपिअरला ९.९. १.३ ला ११.७. १.५ ला ११.५. १.७ ला ९.७. १.९ ला ७.९ गिगाहर्ट्झ. तिने फोनवर विचारलं, "मॅडम, १.४ च्या पुढं मोड बदलतोय का हो? गाईड सर म्हणतात नवीन परिणाम सापडला असंल, पेपर लिहायला घे." (मोड म्हणजे कंपनाची तऱ्हा.)

मी तिला एवढंच सांगितलं की शेवटचे तीन आकडे २५ मधून वजा कर. १३.५, १५.३, १७.१. पहिल्या दोनांच्या पुढे ठेवले की सगळे एका रेषेत, मिलिअँपिअरमागे नऊच्या चढाने. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

हे असं का होतं, ते भिंतीवरच्या घड्याळावरून चटकन कळतं. दर ५५ मिनिटांनी एकदाच घड्याळाकडे बघायचं आणि मधे डोळे मिटून ठेवायचे. मिनिटकाटा प्रत्येक वेळी एक आकडा मागे गेलेला दिसेल. बघणारा शपथेवर सांगेल की काटा उलटा, संथ फिरतोय. घड्याळात बिघाड नसतो. आपण बघतोच इतक्या उशिरा की पुढे गेलेला काटा मागे आल्यासारखा भासतो. ४० पिकोसेकंदांनी नोंद घेणारं टेबल १५ गिगाहर्ट्झच्या चुंबकाकडे अगदी असंच बघत असतं.

इथे हमखास एक शंका येते, आणि ती रास्त आहे. "पण मॅडम, सोल्व्हर तर अर्ध्या पिकोसेकंदापेक्षा लहान पावलं टाकतोय, मग चुकलं कुठं?" सोल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रामचा भाग, चुकत नाहीच. चुंबक बरोबर फिरतोय. गणिताचं पाऊल वेगळं आणि कागदावर उतरवायचं पाऊल वेगळं. सोल्व्हरने ऐंशी पावलं टाकली आणि आपण एकच नोंद केली तर मधल्या एकोणऐंशींचा पत्ता लागणार कसा? फाइल लहान राहावी म्हणून कुणीतरी कधीतरी ४० लिहिलेलं असतं, आणि ती स्क्रिप्ट एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते. चौघांच्या स्क्रिप्टमधली ती ओळ शब्दन् शब्द सारखी होती.

पडताळा घ्यायचा तर सगळे रन पुन्हा करायची गरज नाही. संशयित करंटांपैकी एक निवडा आणि बाकी काहीही न बदलता फक्त साठवण्याचं अंतर बदला. खरं पीक जागचं हलत नाही. हललं तर ते तुमच्या नोंदवहीचं आहे. हा एक रन तुम्हाला कुठल्याही चर्चेपेक्षा जास्त सांगेल.

अंतर ५ पिकोसेकंद केल्यावरही काहींना पिकाभोवती गवतासारखी खालची पातळी उंच दिसते. त्याचं कारण वेगळं. सोल्व्हर आपल्या सोयीने पाऊल लहानमोठं करतो, आणि टेबलची नोंद ठरलेली वेळ उलटून गेल्यावरच्या पहिल्या पावलावर होते. त्यामुळे वेळेच्या रकान्यात ५, १०, १५ असे गोल आकडे नसतात. प्रत्येक नोंद थोडी पुढे सरकलेली असते. बरेच जण तो रकाना बघतच नाहीत आणि नोंदी समान अंतरावर आहेत असं धरून फूरिये ट्रान्सफॉर्म (नोंदींवरून स्पेक्ट्रम काढण्याचं गणित) करतात. पिकाची जागा त्याने फारशी बिघडत नाही, पण खालचा गोंगाट वाढतो आणि बारीक पिकं त्यात बुडतात. आधी वेळेचा रकाना घेऊन समान अंतरावरच्या किमती मधल्या मधे काढून घ्या (इंटरपोलेशन), मग ट्रान्सफॉर्म. किंवा सोल्व्हरचं पाऊल कायमचं बांधून टाका. रन थोडा लांबतो, पण चालतं.

तानपुरा की पेटी?

दुसरी तक्रार याच्या उलट. कऱ्हाडच्याच आणखी एका मुलाचा मेसेज रात्री अकराला आला होता: "मॅडम, ऑसिलेशन सुरू होतंय आन् मरतंय. करंट वाढवला तरी तेच."

आमच्याकडे मिरज हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून मी हे नेहमी वाद्यांवरून समजावते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या दुकानांत जाऊन कुणीही हे कानांनी ऐकू शकतं. तानपुऱ्याची तार छेडली की ती तिच्याच फ्रिक्वेन्सीने वाजते आणि हळूहळू विरते. पेटीचं तसं नाही. भात्यातून हवा सरळ येत राहते, आणि पितळी सूर त्या सरळ हवेतून स्वतःची फ्रिक्वेन्सी काढतो. भाता चालू आहे तोवर आवाज चालू. भाता फारच हळू दाबला तर सूर बोलतच नाही, ठरावीक दाबानंतरच बोलतो. स्पिन-टॉर्क ऑसिलेटर म्हणजे पेटी. करंट हा भाता.

करंट एकदम चालू केला की चुंबकत्वाला धक्का बसतो आणि ते तानपुऱ्यासारखं छेडलं जातं. ते कंपन विरतं. डॅम्पिंग ०.०१ आणि फ्रिक्वेन्सी १० गिगाहर्ट्झ असेल तर साधारण १.६ नॅनोसेकंदांत त्याची उंची तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ येते. ज्याने पाच नॅनोसेकंदांचा रन घेतला त्याच्या स्पेक्ट्रममध्ये सुंदर पीक येणारच, आणि ते ऑसिलेटरचं नसणार. त्या मुलाचा करंट उंबरठ्याच्या खाली होता. आधी पाच नॅनोसेकंदांच्या रनमध्ये त्याला "ऑसिलेशन" दिसलं होतं, म्हणून उंबरठा ओलांडला असं त्याने धरलं. पुढे तीस नॅनोसेकंदांचा रन घेतल्यावर तेच मरताना दिसलं.

म्हणून पहिले दहा नॅनोसेकंद सरळ टाकून द्या. नंतरच्या भागाचे दोन तुकडे करा आणि दोन्हींत कंपनाची उंची तीच आहे का बघा. उंबरठ्याच्या अगदी जवळ मात्र सबुरी लागते: डॅम्पिंग आणि पीळ जवळजवळ तुल्यबळ असल्यामुळे कंपन मरायला किंवा वाढायलाही फार वेळ घेतं. तिथे शंभर नॅनोसेकंद लागले तरी घाबरू नका.

आणखी एक रन प्रत्येकाने करावा असं मला वाटतं: करंट शून्य ठेवून, चुंबकत्व थोडं कलतं करून. कंपन विरलं पाहिजे. विरत नसेल तर डॅम्पिंग लिहायचं राहून गेलंय. मूमॅक्समध्ये ते स्वतः दिलं नाही तर शून्य धरलं जातं, आणि शून्य डॅम्पिंगचा चुंबक धक्का बसला की वाजतच राहतो. हा रन दोन मिनिटांचा असतो.

मुळीच सुरू न होणारा ऑसिलेटर हा याच कुटुंबातला. सुरुवातीला चुंबकत्व नेमकं फिक्स्ड लेयरच्या दिशेने किंवा नेमकं तिच्या उलट ठेवलं तर पीळ शून्य येतो, कारण तो दोन दिशांमधल्या कोनावर अवलंबून असतो. खऱ्या उपकरणात उष्णतेची थरथर असते, तीच पहिला ढोसा देते. शून्य केल्व्हिनच्या सिम्युलेशनमध्ये ती नसते. चुंबकत्व टोकावर तोललेल्या काठीसारखं उभं राहतं, आणि कधी पंधरा-वीस नॅनोसेकंदांनी आकडे गोल करताना होणाऱ्या बारीक चुकांमुळे अचानक कोसळतं. त्यातून "सुरू व्हायला लागणारा वेळ" मोजून तक्ता केलेला मी पाहिला आहे. तो वेळ चुंबकाचा नव्हता. सुरुवातीची दिशा पाच अंशांनी कलती ठेवा, बस.

आता विट्याहूनच आलेली आणखी एक तक्रार, जी मला सर्वांत जास्त आवडली. त्याचं पीक चाळीस गिगाहर्ट्झला येत होतं. कागदावर हिशोब दहाचा. बरोबर चौपट. त्याने साठवण्याचं अंतर, डॅम्पिंग, सगळं तपासलं होतं, आणि सगळं बरोबर होतं.

मी विचारलं, "चुंबकत्वाचा कुठला घटक काढलाय, एक्स, वाय की झेड?"

"झेड. फिक्स्ड लेयर झेडमध्ये आहे ना मॅडम, मग रेझिस्टन्स त्याच्यावरच ठरणार."

त्याचा विचार बरोबर होता. पण चुंबकत्व लंब अक्षाभोवती गोल फिरत असेल तर झेड घटक जवळपास स्थिर राहतो. त्यात जी किंचित लहर असते ती आकारामुळे: चौरसाला चार कोपरे, एका फेरीत चुंबकत्व चारही कोपऱ्यांजवळून जातं, म्हणून झेडमध्ये चौपट फ्रिक्वेन्सी. आयत घेतला असता तर दुप्पट आली असती. गोल चकती घेतली असती तर जवळजवळ काहीच नाही. एक्स घटक काढला आणि दहाचं पीक भिंतीसारखं उभं राहिलं.

यात एक खरी अडचण दडलेली आहे, नुसती सिम्युलेशनची नव्हे. लंब ध्रुवीकरणाचा ऑसिलेटर कितीही जोरात फिरला तरी लंब फिक्स्ड लेयरच्या रेझिस्टन्समध्ये तो दिसत नाही. प्रत्यक्ष मोजायचं तर थराच्या प्रतलातली दिशा असलेला आणखी एक संदर्भ थर लागतो. हार्ड डिस्कच्या हेडमध्ये हे चालतं, कारण तिथे आपल्याला सिग्नल वाचायचा नसून फिरतं क्षेत्र हवं असतं. कॉम्प्युटिंगसाठी मात्र व्होल्टेज वाचावं लागतं. आपण कुठल्या वापरासाठी सिम्युलेशन करतोय ते आधी ठरवलं तर कुठला घटक काढायचा हेही तिथेच ठरतं.

पिकाची रुंदी

"लाइनविड्थ ५० मेगाहर्ट्झ आली." हे वाक्य ऐकलं की मी लगेच विचारते, रन किती नॅनोसेकंदांचा? बहुतेक वेळा उत्तर येतं, वीस. २० नॅनोसेकंदांच्या नोंदीतून ५० मेगाहर्ट्झपेक्षा बारीक काही दिसूच शकत नाही. रन ४० केला की लाइनविड्थ २५ होते, ८० केला की १२.५. प्रत्येक वेळी निम्मी होणारी रुंदी चुंबकाची नसते. तापमान शून्य असताना, एकच मोड स्थिर फिरत असेल, तर रुंदी यायला तिथे कारणच नाही. खरी लाइनविड्थ हवी असेल तर तापमान द्या, रन मायक्रोसेकंदाकडे न्या, यादृच्छिक आकड्यांचं बी (सीड) बदलून तोच रन अनेकदा घ्या आणि स्पेक्ट्रमांची सरासरी काढा. वेळखाऊ काम आहे. पण ते न करता प्रबंधात लाइनविड्थचा रकाना भरू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. सिम्युलेशन नमुन्याचे ज्या छोट्या घरांत तुकडे करतं त्या जाळीचं घर विनिमय लांबीपेक्षा (शेजारचे स्पिन जेवढ्या अंतरात जवळपास एकाच दिशेला राहतात तिच्यापेक्षा) लहान हवं. पर्मलॉयला (निकेल-लोहाच्या मिश्रधातूला) ती सुमारे ५.७ नॅनोमीटर, वरच्या लोह-कोबाल्टला साडेतीनच्या आसपास, म्हणून ५ नॅनोमीटरची जाळी एकात चालते आणि दुसऱ्यात नाही. शेजारच्या स्पिनांमधला सर्वांत मोठा कोन टेबलमध्ये मागता येतो. तो अर्ध्या रेडियनकडे जायला लागला की जाळी बारीक करा. मूमॅक्स करंटभोवतीचं चुंबकी क्षेत्र स्वतःहून धरत नाही. ४० नॅनोमीटरच्या चौरसाला ते दहा-बारा मिलिटेस्लाच्या घरात असतं, त्यामुळे निभावतं. पण १०० नॅनोमीटर व्यासाच्या संपर्कात, तेवढ्याच करंट घनतेला, कडेला ते ३१ मिलिटेस्ला होतं, आणि मग ते वेगळं बाहेरचं क्षेत्र म्हणून घालावंच लागतं. करंटच्या चिन्हावर वाद घालत बसू नका, दोन्ही चिन्हांनी छोटा रन घ्या. बाहेरचं क्षेत्र नसताना वरच्या रचनेत दोन्हीकडे ऑसिलेशन येतं, फक्त फिरण्याची दिशा उलटते. हेडच्या फटीतलं क्षेत्र घातलं की चिन्ह महत्त्वाचं ठरतं. फिक्स्ड लेयर वर आहे की खाली हेही सांगावं लागतं. मोठ्या फिल्मवर छोटा संपर्क असेल तर कडेवरून स्पिन लहरी परत येतात आणि फ्रिक्वेन्सी पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. कडेच्या पट्ट्यात डॅम्पिंग हळूहळू चढवत न्या म्हणजे लहरी तिथेच जिरतात.

कार्डाबद्दलही खूप जण विचारतात. १६ गुणिले १६ गुणिले ४ इतक्या लहान जाळीला महागडं कार्ड काही देत नाही. कार्डाचा बहुतेक भाग रिकामाच बसून असतो. असलेल्या कार्डावर काम करा. मूमॅक्स एकेरी अचूकतेत गणित करतं, म्हणून त्रुटीची मर्यादा फार खाली ओढूनही उपयोग होत नाही.

लाईट गेल्यानंतरचं दुहेरी पीक

हे आपल्या भागातल्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटणार, म्हणून सविस्तर.

रन रात्री लावलेला असतो. पावसाळी रात्री लाईट जाते, यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, मग मशीन बंद. सकाळी शेवटची साठवलेली चुंबकत्वाची फाइल उचलायची, तिथून रन पुढे चालवायचा आणि दोन टेबलं एकाखाली एक चिकटवायची. इतकं केलं की काम झालं असं वाटतं. स्पेक्ट्रम काढला की एका पिकाची दोन झालेली असतात, मधे बारीक खाच. तासगावच्या त्याच मुलीने हे मला दाखवलं तेव्हा तिचा आवाज पडलेला होता. रेषा सरळ झाली होती आणि आता हे.

झालेलं असं असतं. चुंबकत्वाची फाइल साठवली गेली, समजा, ४० व्या नॅनोसेकंदाला. टेबल मात्र त्यापुढेही लिहिलं जात होतं, लाईट जाईपर्यंत, ४३ च्या पुढे कुठेतरी. नवा रन ४० पासून सुरू झाला. चिकटवलेल्या टेबलात ४० ते ४३ चा भाग दोनदा आला, आणि सांध्यावर फेज उडी मारतो. तालात चाललेल्या ढोलाने एका क्षणी अर्धी मात्रा खाल्ली तर पुढचे सगळे ठोके आधीच्या ठोक्यांच्या मधोमध पडतात, तसं. उडी अर्ध्या फेरीच्या जवळ असली आणि सांधा नोंदीच्या मधोमध आला की दोन भाग पिकाच्या ऐन मध्यावर एकमेकांना खोडतात, आणि एका पिकाची दोन दिसतात. त्याला दोन मोडांची स्पर्धा म्हणू नका.

उपाय साधा आहे. जुन्या टेबलातल्या, साठवलेल्या फाइलच्या वेळेनंतरच्या ओळी काढून टाका. नव्या रनमध्ये घड्याळ शून्यापासून सुरू होतं, म्हणून त्याच्या वेळेच्या रकान्यात फाइलची वेळ मिळवा किंवा स्क्रिप्टमध्येच सुरुवातीची वेळ लिहा. सांध्याच्या आजूबाजूच्या दहा-बारा ओळी काढून एक्स घटकाचा ग्राफ डोळ्यांनी बघा. लहर न तुटता पुढे गेली पाहिजे. तापमान दिलेलं असेल तर नवा रन जुन्यासारखाच यादृच्छिक मार्ग घेणार नाही, पण लहर तरी सलग राहते. आणि त्याच नावाने स्क्रिप्ट पुन्हा चालवायच्या आधी आउटपुटचा जुना फोल्डर दुसरीकडे हलवा. चुंबकत्वाची फाइल दर पाच नॅनोसेकंदांनी आपोआप साठत राहील अशी ओळ स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच घालून ठेवा, म्हणजे गेलंच तर थोडंच जातं.

तिने जादा ओळी काढल्या, वेळ जुळवली, आणि दोन पिकांचं एक झालं, १५.३ गिगाहर्ट्झला.

तुमचं पीक यातल्या कशानेच सुटलं नाही तर मला विचारा, पण नुसतं स्पेक्ट्रमचं चित्र पाठवू नका. स्क्रिप्ट पाठवा, टेबलाच्या पहिल्या दोनशे ओळी वेळेच्या रकान्यासकट पाठवा, आणि शून्य करंटचा रन सोबत जोडा. रन मधे तुटला होता का, तेही लिहा.